वडाच्या वळणावरचे ठिपके

तेलाचा थेंब बरोबर अर्जुनरावांच्या मिशीवर पडला. त्यांनी तो मनगटानं पुसला तर गालभर काळं झालं, आणि तेवढ्यात दुसरा थेंब भुवईवर आला. मोटारीखाली घोंगडी अंथरून ते उताणे पडले होते. घाटनांदुरातला एवढा मोठा जमीनदार, ज्यानं उभ्या जन्मात स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्या भरून घेतला नव्हता, तो भर दुपारी अंगणात मोटारीच्या पोटाखाली पडून शिव्या हासडत होता. आणि शिव्या द्याव्यात तर कुणाला? इंजिन उघडलं होतं त्यांनीच, बंद केलं होतं तेही त्यांनीच.

"राव, मोटार पान्हावली जणू," वरून आवाज आला. "वासरू सोडा की खाली!"

आश्रुबा होता. शेजारच्या शेताचा धनी. बैलं घेऊन जाता-येता अंगणात डोकवायची त्याला खोड होती. मोटार घाटनांदुरात ही एकच. तहसीलदारसुद्धा टांग्यातून फिरत होता. तेव्हा डोकवायला आश्रुबाला कारण लागत नसे.

"जा बे, आपलं काम बघ," अर्जुनराव खालूनच म्हणाले.

"जातो की. पन एक बरं झालं बघा. तुमी कुठं गेलता ते आता कुणाला इचारायला नको. परवा खोंड हुडकायला गेलतो, तर ठिपके थेट वडाच्या वळणापस्तोर. काळे काळे. आंधळ्याला बी दिसत्याल!"

अर्जुनरावांच्या हातातला पाना हवेतच राहिला. वळणाच्या पुढं ठिपके कुणीकडं गेले, ते यानं पाहिलं का? विचारलं तर संशय, न विचारलं तर जीव खालीवर. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. ते घोंगडीवरून बाहेर येईपर्यंत आश्रुबा बैलांच्या मागं हसत निघूनही गेला होता.

वडाच्या वळणावर सडक फुटते. डावीकडं परळी, उजवीकडं धर्मापुरी. देशमुख दर सोमवारी मोटारीनं परळीला वैजनाथाच्या दर्शनाला जातात, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मोटार उजवीकडं वळते, हे ठाऊक होतं फक्त मुंजाजी डायवरला. एकदा त्या भोळ्या माणसानं विचारलं, "मालक, देव डाव्या अंगाला हाय न्हवं?" पुढच्याच आठवड्यात मालकानं त्याला घालवून दिलं. वर पेट्रोल चोरतो म्हणून बोभाटा केला. मुंजाजी बिचारा देवाच्या शपथा घेत हैदराबादला निघून गेला.

तेव्हापासून अर्जुनराव मोटार स्वतःच हाकत. पुढं इंजिन आतून ठकठकायला लागलं. हैदराबादेहून मिस्त्री बोलवावा, तर तो चार दिवस राहणार, मोटार हिंडवून बघणार, नाही नाही ते विचारणार. त्यापेक्षा आपणच उघडावं. मुंजाजी उघडायचा तेव्हा ते बाजेवर बसून बघतच असत. पण बाजेवर बसणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. ठकठक थांबली खरी, पण इंजिनाच्या खाली तेलाची लोखंडी परात असते, ती परत बसवताना मधली बुचाची पट्टी फाटली. तिच्या जागी त्यांनी जुन्या मोटेचं कातडं कापून घातलं आणि बोल्ट जीव खाऊन आवळले. हात दाखवून अवलक्षण! दुसऱ्या दिवसापासून मोटार जाईल तिथं तेल गळू लागलं, आणि त्यालाही आता काही आठवडे झाले होते.

आणि सोमवार उद्यावर आला होता.

धर्मापुरीला तारा होती. अर्जुनरावांची एकुलती लेक. सासरी नांदायला जायच्या आधीच तिचा नवरा गेला आणि ती बापाच्याच घरात पांढऱ्या कपाळानं वाढली. वाढली, आणि एक दिवस मेंढरं राखणाऱ्या सुग्रीवाशी तिनं पाट लावला. देशमुखाच्या घरात विधवेचा पाट, आणि तोही धनगराशी! अर्जुनरावांनी गावादेखत तिच्या नावानं आंघोळ केली, मडकं फोडलं आणि सांगितलं, मेलेल्याचं नाव या घरात कुणी काढायचं नाही. वच्छलाबाई, त्यांची बायको, उंबऱ्याच्या आत उभी राहून बघत होती. ती त्या दिवशी रडली नाही. पण तेव्हापासून तिचं बोलणं आटलं ते आटलंच. "जेवाय वाढलंय." "पानी तापलंय." एवढ्यावर वर्षं चालली होती. एवढ्या मोठ्या घरात दोन माणसं, आणि ऐकू यायचा तो फक्त रांजणातल्या तांब्याचा आवाज.

तारा मेंढरांमागं कुठं गेली, कुणी त्या घरात सांगितलं नाही. लोकरीच्या एका व्यापाऱ्याच्या तोंडून अर्जुनरावांना धर्मापुरी कळली. एकदा बघून यावं म्हणून ते गेले, आणि मग जातच राहिले. जुन्या देवळाच्या आडोशाला मोटार उभी करायची आणि बसून राहायचं. मागं माळावर तिची खोप होती. ती भाकरी थापताना दिसायची, मेंढरांना पाणी दाखवताना दिसायची. पुढं तिच्या कडेवर एक लेकरूही दिसायला लागलं. तिनं मोटार ओळखली होती. पण ती इकडं यायची नाही, आणि हे खाली उतरायचे नाहीत. मग परतताना अर्जुनराव रस्ताभर रडायचे. इंजिनाच्या घरघरीत माणसाचं रडणं कुणाला ऐकू जात नाही, मोटार बाळगण्याचा हा एक मोठा फायदा.

गावाला कळलं असतं तर थुंकून चाटलं म्हणून तोंडावर हसले असते, भावकीनं पंगतीतून उठवलं असतं. तेही एक वेळ सोसलं असतं. पण मग जाणं बंद झालं असतं, आणि ते त्यांना सोसणार नव्हतं. म्हणून गळती आजच्या आज थांबायला हवी होती.

त्यांनी परात पुन्हा खाली काढली. काठ नजरेला सरळ दिसत होता, पण नजरेवर त्यांचा आता भरवसा राहिला नव्हता. अगदी सपाट असं काहीतरी हवं होतं. ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

"पाटा दे," ते म्हणाले.

वच्छलाबाईनं मान वर केली. "कशाला?"

तिनं कित्येक दिवसांत त्यांना काही विचारलं नव्हतं. अर्जुनराव जरा गडबडलेच. "मोटार गळती ती बंद करायची हाय."

तिचा हात पाट्यावर तसाच राहिला. मग मिरच्या बाजूला सारल्या, पाटा धुतला आणि म्हणाली, "घ्या."

वापरून वापरून पाटा गुळगुळीत झाला होता. टाकी लावायला आला होता. अर्जुनरावांनी त्यावर दिव्याची काजळी फासली, परातीचा काठ अर्धा अर्धा करून टेकवला आणि उचलून बघितला. बोल्टांच्या भोकांभोवती तेवढं काळं लागलं होतं, मधला सगळा काठ कोरा. म्हणजे टेकत होता तो भोकांपाशीच, बाकी सगळी फट. गळू नये म्हणून आवळलं, आणि आवळल्यानंच वाकलं. ते बराच वेळ त्या काळ्या डागांकडं बघत बसले.

मग लाकडी मोगरी घेऊन त्यांनी काठ हळूहळू ठोकून बसवला. ठोकायचा, काजळीवर टेकवायचा, बघायचा, पुन्हा ठोकायचा. सगळ्या काठाला सारखं काळं लागलं तेव्हा उन्हं कलली होती. मोमिनाबादच्या दुकानातून आलेल्या कापडाच्या ताग्यात जाड पुठ्ठा होता, त्याची पट्टी कापली. जवसाचं तेल चुलीवर चिकट होईपर्यंत आटवून पट्टीला दोन्ही अंगांनी चोपडलं. चूल वच्छलाबाईनंच पेटवून दिली. तिच्याकडं बघून अर्जुनरावांना वाटलं, ही निवळतेय. बोलली, पाटा दिला, चूल दिली. ते मनातून सुखावले. या वेळी बोल्ट त्यांनी बेतानं आवळले, एक इकडचा तर एक समोरचा, आणि दमानं.

तेल भरलं, मोटार खूप वेळ चालू ठेवली आणि मग खाली धुतलेलं धोतर पसरून ते झोपायला गेले.

सकाळी उठून बघतात तर वच्छलाबाई त्यांच्या आधीच अंगणात उभी. धोतर पांढरंशुभ्र होतं.

"बघितलं का!" अर्जुनराव लहान पोरासारखे ओरडले. "एक थेंब न्हाई!"

"आता न्हाई गळायचं?"

"जलमात न्हाई."

वच्छलाबाई मटकन ओट्यावर बसली. "मग माझी वाट मोडली," ती म्हणाली.

"कसली वाट?"

"वडाच्या वळणावर परळी डाव्या हाताला हाय. ठिपके उजव्या हाताला जात्यात." ती त्यांच्याकडं बघत नव्हती. "मोटार गळाया लागल्यापास्नं दर मंगळवारी म्या मागं मागं जाते. ऊन चढायच्या आत जमंल तेवढं, मग माघारी. नदीपस्तोर गेलते. पाण्यात ठिपके कुठं दिसायचे? उद्या पल्याड हुडकायचं ठरवलतं."

मंगळवारी ती मरीआईला जाते, असं ते धरून चालले होते. ती मरीआईला जाते की आणखी कुठं, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"तुला कसं कळलं, मी तिच्याकडं जातो ते?"

"आधी वाटलं, बाई ठिवली. म्हणलं, ठिवू द्या. पन बाईकडं जानारा मानूस येताना रडून डोळे लाल करून येत न्हाई." तिनं पहिल्यांदा त्यांच्याकडं बघितलं. "कुठं हाय माझी तारा?"

ते नाव त्या अंगणात इतक्या वर्षांनी उच्चारलं गेलं. अर्जुनरावांनी खाली मान घातली. "धर्मापुरीला. जुन्या देवळामागं माळ हाय, तिथं खोप हाय."

"बरी हाय?"

"बरी दिसती."

"लेकरूबाळ?"

"एक हाय. पोरगी."

"नाव काय पोरीचं?"

अर्जुनराव मोटारीखालचं धोतर उचलायला वाकले.

"नाव काय ठिवलं?"

"ठाऊक न्हाई," ते म्हणाले.

"इतक्यांदा गेलात," वच्छलाबाई सावकाश म्हणाली, "अन् नाव बी इचारलं न्हाई?"

ती आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात भाकरीचं गाठोडं होतं आणि अंगावर धुतलेलं लुगडं होतं. अर्जुनरावांनी घाईघाईनं मोटारीचं दार उघडलं. "बस. दोघं जाऊ."

"न्हाई."

"लई लांब हाय. पाय दुखतेत तुझे."

"दुखू द्या. तुमी तिला मेली म्हणलं. म्या कंदी म्हणलं न्हाई. तुमच्या मोटारीतनं मला जायचं न्हाई." आणि ती फाटकातून बाहेर पडली.

थोडा वेळ अर्जुनराव उघड्या दाराला धरून उभे राहिले. मग हँडल मारलं, मोटार सुरू केली आणि मागून निघाले. वाटलं, बाईमाणूस आहे, दमेल, बसेल. वडाचं वळण ओलांडून ती उजवीकडं लागली होती तिथं त्यांनी तिला गाठलं. मोटारीचा आवाज ऐकून वच्छलाबाई सडकेवरून खाली उतरली, कडेला बाभळीखाली उभी राहिली, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि तोंड फिरवलं. परक्याची मोटार आली की बायका उभ्या राहतात तशी. मोटार पुढं जायची ती वाट बघत होती.

अर्जुनरावांनी मोटार थांबवली. तरी ती हलली नाही. त्यांनी इंजिन बंद केलं. सगळं गप्प झालं तेव्हा ती सडकेवर आली आणि त्यांच्या अंगावरून, जरासुद्धा न बघता, चालायला लागली.

उतरावं, मागं जावं, असं त्यांच्या फार मनात आलं. पण कुठल्या तोंडानं जाणार? ज्यानं मडकं फोडलं त्यानं त्या माळावर जाऊन पोरीचं नाव विचारायचं, याचं त्यांना आता आयुष्यात पहिल्यांदा भय वाटलं. वच्छलाबाई विचारेल. तिला विचारता येईल. ते चाकावर हात ठेवून बसून राहिले आणि ती दूर जाताना बघत राहिले.

मागून बैलगाडी आली. आश्रुबाच.

"काय राव, बंद पडली का?" तो खाली उतरला, वाकून मोटारीच्या पोटाखाली बघून आला. "आन् खाली तर कोरडं ठाक हाय की! गळायची तर थांबली."

"हां."

"मग मारा हँडल. म्या मारू का?"

अर्जुनरावांनी सडकेकडं बघितलं. वच्छलाबाई अजून दिसत होती. इंजिन सुरू झालं असतं तर आवाज तिच्या कानी गेला असता, आणि ती पुन्हा सडकेवरून उतरून, पदर ओढून उभी राहिली असती.

"नको बे," ते म्हणाले. "बिघडली. तुझे बैल लाव अन् घरी ओढून ने."

आश्रुबानं बैल सोडून मोटारीला जुंपले. सगळं गाव बघत असताना भर सकाळी देशमुखाची धडधाकट मोटार बैलांनी ओढून आणली. आत अर्जुनराव एकटे चाक धरून बसले होते, आणि वळून वळून मागं बघत होते.