डाव्या पायाची फळी

माप

ट्रकच्या केबिनमागे ड्रायव्हरला झोपायला फळी असते. तसल्या फळ्या बनवण्यात सत्तार मिस्त्रीचं आयुष्य गेलं. धरणगावच्या त्याच्या दुकानात टेप आहे, पण झोपायच्या फळीला तो टेप लावत नाही. ज्याला झोपायचं त्याला प्लायवर आडवं करायचं, भोवती खडू फिरवायचा आणि रेघेपासून चार बोटं सोडून कापायचं. बापही असंच करायचा.

रोनकशेठची जीप दारात आली, तेव्हाही त्याने हेच सांगितलं. "आडवे व्हा शेठ, माप घेतो."

रोनक म्हणजे कापसाच्या जिनिंगवाल्या निर्मलकुमारांचा मुलगा. डोंगरात, नदीनाल्यांत जीप घालायचा त्याला नाद. मागची सीट काढून तिथे झोपायची सोय, खाली सामानाचे कप्पे, असं सगळं त्याला हवं होतं. थंडीत हिमालयात जायचं होतं.

"जळगावला करून घे म्हणत होते सगळे," रोनक म्हणाला. "मी म्हटलं, नाही. काम सत्तारभाईंनाच. त्या प्रकारानंतर आपण धरून राहायला पाहिजे एकमेकांना."

सत्तारने कानामागची पेन्सिल काढली आणि पुन्हा तिथेच खोचली.

"आडवं होता का?"

"आत्ता नाही हो, घाई आहे. अतिक माझ्याच उंचीचा ना? माझ्या जुन्या पँटी त्याला बसायच्या. त्याचंच माप घ्या."

"अतिकचं?"

"हां, अतिकचं."

सत्तार म्हणाला, "तुम्ही म्हणता तर घेतो."

तो प्रकार

अतिक सत्तारचा धाकटा भाऊ. रोनकशेठचा ड्रायव्हर होता. पावसाळा सरता सरता हीच जीप घेऊन दोघं तोरणमाळला गेले. शेठला हॉटेलात खोली होती. अतिक म्हणाला, मी मागच्या सीटवर पडतो. शेठ म्हणाला, सीटला वास लागेल, बाहेर सतरंजी टाक. आणि अतिकने गुपचूप आत शिरू नये म्हणून गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात घालून गेला.

घोणस चावली डाव्या पायाला. अतिक गाडी चालवत खाली जाऊ शकला असता. घाट त्याच्या हातातला होता. किल्ली खोलीत होती. शेठचा फोन बंद होता, दार वाजवलं तर हॉटेलवाल्याने हाकललं. उजाडल्यावर शेठ खाली आला. धुळ्याच्या दवाखान्यात पोचेस्तोवर पाय काळा पडला होता. गुडघ्याखाली कापला.

कुणी रोनकशेठला विचारलं की तो सांगायचा, साप होता, कोण काय करणार?

सापाचा राग सत्तारला कधीच आला नाही.

खडू

"पड इथे," सत्तारने प्लाय जमिनीवर टाकून सांगितलं.

अतिक आता दुकानातच बसून लाकूड घासायचा. कुबडी भिंतीला टेकवून तो आडवा झाला. "कुणासाठी, भाई?"

"शेठसाठी. त्यांनीच सांगितलंय, तुझं माप घे."

खडू डोक्यापासून निघाला. खांदा, कूस, उजवी मांडी, पोटरी, टाच. मग वळून डावीकडे आला आणि गुडघ्यापाशी थांबला. अतिकने मान उचलून बघितलं. सत्तारने खडू गुडघ्याखालून सरळ आडवा ओढला.

अतिकला कळलं. तो हसायला लागला.

"खडू वाचला रे, भाई!"

"गप पड. हलू नको."

"हमीदाभाभीला सांगशील?"

"नाही."

मग सत्तारने सांगाडा असा केला, की बघणाऱ्याने बघत राहावं. सागवानी पट्ट्या, खोबणीत बसवलेले सांधे, आवाज न करणारे कप्पे. सगळं फेविकॉलने आणि आतल्या बाजूने, म्हणजे सोडवायचं तर कापावंच लागेल. फक्त मागच्या दाराजवळ, झोपणाऱ्याच्या डाव्या पायाच्या बाजूला, त्याने ना खांब दिला ना पट्टी. वर फळी ठेवायची म्हटली तरी तिला टेकायला जागा नको.

डावा कोपरा

इथे काही नाही.

शेठ झोपून बघतात

रोनकने आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढले. कप्पे उघडले, मिटले. "एक नंबर, सत्तारभाई!" मग बूट काढून आडवा झाला आणि त्याचा डावा पाय खड्ड्यात गेला.

"अहो, इथली फळी राहिली."

"राहिली नाही. माप घेऊन केलंय."

"माप? इथे पाय कुठे ठेवू मी?"

दुकानाच्या उंबऱ्यावर अतिक घासकाम करत बसला होता. त्याने उजवा पाय लांब केला होता. रोनकची नजर तिथे गेली, पँटच्या दुमडून टाचणी लावलेल्या डाव्या पायावर थांबली आणि तिथून पळाली.

"ठीक आहे," तो उठत म्हणाला. "एका फळीसाठी काय तुमचे पाय धरू? करून घेईन कुणाकडूनही."

"घ्या ना," सत्तार म्हणाला.

फोन

मिस्त्री लोकांत एक रिवाज आहे. एकाने अर्धं सोडलेलं काम दुसरा त्याला विचारल्याशिवाय हातात घेत नाही. का सोडलं, ते सोडणाऱ्यालाच ठाऊक.

फैजपूरहून रुपचंद मिस्त्री:

"सत्तार, एक जीप आलीय. हात तुझा दिसतो. कोपरा राहिलाय."

"राहिला नाही. अतिकचं माप आहे ते."

"...अच्छा."

रुपचंदने शेठला सांगितलं, हात रिकामा नाही. त्याच्या दुकानात तेव्हा तो माश्या मारत बसला होता.

चाळीसगावच्या मिस्त्रीने सांगितलं, लाकूड नाही. सांगताना तो लाकडाच्या थप्पीला टेकून उभा होता.

धुळ्याहून निंबा:

"सत्तारभाऊ, हाई काम तुन्हं शे ना? बठ्ठं झकास शे, मंग डावा कोपरा काबरं सोडा?"

सत्तारने सांगितलं.

"मंग ऱ्हाऊ दे. त्यानी तठे पोतं ठेयेल शे, तेबी घसरी जास."

"घसरू दे, निंबा. घसरू दे."

नाशिकला किंवा सुरतेला नेली असती तर एका दुपारचं काम होतं. पण ज्या मुलखात बापाचं नाव सांगितलं की दुकानदार उठून उभे राहतात, तिथे आपल्याला एक फळी मिळत नाही, हे रोनकशेठला पटतच नव्हतं. तो गावोगाव फिरत राहिला. सत्तारला प्रत्येक फोन गुळासारखा लागायचा.

"हल्ली जेवताना हसता तुम्ही," हमीदा म्हणाली. "चांगलं नाही दिसत ते."

"भाकरी वाढ."

माफी

शेवटी जीप पुन्हा धरणगावच्या गल्लीत आली. रोनक उतरला आणि सत्तारला ओलांडून थेट अतिकसमोर उभा राहिला. अपघातानंतर तो अतिकशी पहिल्यांदाच बोलत होता.

"अतिक, चुकलं माझं. किल्ली तुझ्याकडे ठेवायला हवी होती. आत झोपू द्यायला हवं होतं."

दाराआडून हमीदा पुढे आली. समोरचा चहावाला गाळणी हातात धरून थांबला. रोनकचा आवाज खरा होता. सत्तारला वाटलं, शेठ खोटं बोलत असता तर किती बरं झालं असतं. आता काही इलाज नव्हता. डाव्या पायाच्या जागचा कापलेला प्लायचा तुकडा त्याने फळ्यांमागे ठेवला होता, तो काढून त्याने वरचा भुसा फुंकला.

"ठेव भाई," अतिक म्हणाला. मग रोनककडे वळला. "माफ केलं, शेठ. मनापासून."

रोनकने सुस्कारा सोडला. "मग ती फळी..."

"फळीचं वेगळं."

"म्हणजे माफ नाही केलंस."

"केलं ना. अल्लाच्या दारातही तेच सांगेन. पण माफीने माझा पाय आला का? मग तुमची फळी कशी येईल?"

"अतिक," हमीदा म्हणाली, "माणूस दारात आलाय."

"चहा द्या त्यांना, भाभी. साखर जास्त टाका."

चहा आला, पण शेठने घेतला नाही. सत्तार तुकडा हातात धरून उभा होता. हा राग आपला आहे, असं तो इतके दिवस समजत होता. त्याने भावाच्या तोंडाकडे बघितलं आणि तुकडा होता तिथे ठेवून दिला.

रोनकने जीप चालू केली. गल्ली अरुंद, एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला विजेचा खांब. मागे घ्यायला गेला, तर बंपर खांबाला लागता लागता राहिला. अशा गल्लीतून गाडी काढणं हे पूर्वी अतिकचं काम होतं.

अतिकने कुबडी घेतली आणि तो गल्लीच्या मधोमध उभा राहिला.

"येऊ द्या शेठ... येऊ द्या... डावीकडं घ्या... अजून... सरळ करा... येऊ द्या."

मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत तो गाडीमागे उड्या घेत, ओरडत गेला. गाडीला एक ओरखडाही त्याने येऊ दिला नाही.