कोपरापर्यंत न जाणारी बाही

यंदाच्या यात्रेचा गणवेश अंगात घालूनच विदार्तीबाई आमच्या घरी आल्या. जांभळी चकचकीत जाळी, आत सॅटिनचं अस्तर, पाठीला चेन आणि बाही अशी, की जणू हातावरच शिवली असावी.

गल्लीतल्या बायकांची भिशी त्या महिन्यात आमच्याकडे होती. गल्लीप्रमुखाची बायको म्हणून विदार्तीबाई भिशीच्याही अध्यक्ष आणि यात्रेच्याही. मी आतल्या खोलीत पुस्तकांच्या कपाटाआड बसलो होतो. शाळेच्या ग्रंथालयात आयुष्य गेलेल्या माणसाला कपाटाआड बसणं तेवढं जमतं.

"कशी आहे?" विदार्तीबाईंनी गिरकी घेतली.

"सुंदर!" सगळ्या एकदम म्हणाल्या. माझी बायको मुर्तिनासुद्धा म्हणाली. आमच्या क्लातेन गावात अध्यक्षांनी अंगात घातलेल्या कापडाला कुणी नाव ठेवत नाही.

मला संताप आला. गेल्या वर्षीही हेच कापड, हीच बाही. रंग तेवढा हिरवा होता. त्याआधी क्वालालंपूरला कामाला गेलेली आमची लेक तिकडे इस्पितळात पडली होती. मुर्तिनाने नवस बोलला होता की पोरगी बरी झाली तर मुरिया डोंगर पायी चढीन आणि वरच्या संतांच्या कबरीपाशी बसून दुआ करीन. पोरगी बरी झाली. मुर्तिना गुडघे धरत डोंगर चढली, वजू करायला, म्हणजे हातपाय-तोंड धुऊन शुद्ध व्हायला, नळाशी गेली, तर बाही मनगटाच्या वर सरकेना. हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय वजू नाही आणि वजूशिवाय ती कबरीपाशी जायला तयार नव्हती. तिची ओढाताण चालली होती, तेवढ्यात निघायची वेळ झाली. "आता नमाज घरी जाऊनच पढू," विदार्तीबाई म्हणाल्या, फोटो काढला आणि सगळ्यांना खाली घेऊन आल्या. आता गुडघ्यांत आणखी एका चढणीपुरतंच बळ उरलंय, असं ती म्हणते.

म्हणून यंदा तिने स्वतःचा झगा आधीच शिवून ठेवला होता. कापड निवडायला मी पिशवी धरून तिच्यामागे बाजारभर हिंडलो. ती प्रत्येक कापड मुठीत चुरगाळायची आणि सोडायची. सुरकुती राहिली की पुढचं दुकान.

"काकू, आधी विकत घ्या नि मग चुरगाळा!" एक दुकानदारीण ओरडली.

"मग मी बसमध्ये इस्त्री घेऊन बसू का गं?" मुर्तिना म्हणाली.

शेवटी मऊ, पातळ तपकिरी बातिक मिळालं. ऐसपैस घेर, बाहीच्या टोकाला इलॅस्टिक, दोन्ही बाजूंना खोल खिसे. गुंडाळला की झगा हातातल्या पिशवीत पाण्याच्या बाटलीशेजारी मावतो. मला तो फार शहाणा कपडा वाटला. अर्थात मला कपड्यांतलं काय कळतं?

तरीही चहाचा ट्रे घेऊन मी बाहेर गेलो. मनात चांगलं लांबलचक बोलणं जुळवलं होतं. तोंडातून निघालं एवढंच :

"यात वजू होते का?"

विदार्तीबाई हसल्या. "अरे वा, दार्माभाऊ! हल्ली शिवणकामाची पुस्तकं वाचता वाटतं?"

बायका तोंडावर हात धरून हसल्या.

"त्यांचं सोडा ताई," मुर्तिना म्हणाली, "पण मी यंदा माझा तपकिरी झगा घालून येईन म्हणते. माझा नवस राहिलाय."

"आणि फोटोचं काय? सगळ्या जांभळ्या आणि मध्येच तुम्ही तपकिरी! छे. गणवेश नसेल त्यांनी फोटोत यायचं नाही."

इतक्यात मशिदीतून दुपारची अजान झाली. बायका उठून मागच्या दारच्या नळाशी गेल्या. विदार्तीबाई जागच्या हलल्या नाहीत.

"चला ना ताई," शेजारची रिस्मी म्हणाली.

"तुम्ही घ्या उरकून. मी घरी जाऊनच पढेन."

"गेल्या साली डोंगरावर पण हेच म्हणालीस," साग्येम आजी नळावरून ओरडल्या. "तुझं घर काय मक्केत आहे का गं?"

या वेळी कुणी हसलं नाही. मुर्तिनाने आपला झगा आणून पुढे धरला. "तेवढ्यापुरता हा घाला."

विदार्तीबाईंनी बाहीचं इलॅस्टिक दोन बोटांनी ताणून पाहिलं. मला वाटलं, आता तरी कळेल. त्या उठल्या. "कापड ठरलंय," म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या.

आणि नळाशी कोपरापर्यंत हात धूत उभ्या असलेल्या त्या सगळ्या बायका? आठवडाभरात एकूण एक जणी जांभळं कापड शिंप्याकडे टाकून आल्या. साग्येम आजीसुद्धा! याला काय म्हणावं?

यात्रेला मीही गेलो, मुर्तिनाची पिशवी धरायला. बसमध्ये तिच्याशेजारी बसायला माझ्याशिवाय कुणी तयार नव्हतं. डोंगर तिने थांबत थांबत, रेलिंगला धरून चढला. वर नळाशी तिने बाह्या दंडापर्यंत सरकवल्या, वजू केली आणि आत गेली. मागे जांभळ्या बायकांची झोंबाझोंबी सुरू होती. शेवटी साग्येम आजींनी बाहीसकट हात नळाखाली धरला. मग सगळ्यांनीच धरला.

"फोटो!" विदार्तीबाईंनी हाक दिली. मुर्तिना आत कबरीपाशी बसली होती. ती आली नाही.

तो फोटो आता गल्लीच्या सभागृहात मोठा करून लावलाय. येणारा-जाणारा मला विचारतो, "तुमच्या मंडळी यात्रेला गेल्या नव्हत्या वाटतं?" मी कुणाशी वाद घालणारा माणूस नाही. पण परवा पलीकडच्या गल्लीतल्या एक बाई फोटोजवळ जाऊन म्हणाल्या, "किती छान! कोपरापर्यंत गडद आणि वर फिकी. दोन रंगांची बाही आम्हीही शिवून घेऊ म्हणतो."

"अहो, पाणी आहे ते!" मी ओरडलो.

सभागृहातले सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले.