मैदानावर भेटवस्तू मिळतील

“श्वास आत घे,” असं म्हणत थेल्मानं लाल डगल्याचा पट्टा आणखी एक भोक पुढे ओढला. “दर वर्षी पोट वाढतंय तुझं.”

“सांताचं पोट आहे ते. माझं नाही.”

“सांता रात्री माझ्या शेजारी घोरत नाही.”

आगीच्या बंबाच्या शेडचा पत्रा तापून कडकड वाजत होता. डिसेंबर म्हणजे इथला भर उन्हाळा, त्यात दुपारचे तीन वाजले होते. बेचाळीस डिग्री ऊन होतं आणि उत्तरेचा वारा पहाटेपासून क्षणभरही थांबला नव्हता. क्लाइव्ह हॅनफर्डनं कापसाची दाढी कानांमागे अडकवली तशी ती लगेच घामानं हनुवटीला चिकटली. बंबाच्या मागच्या बाजूला भेटवस्तूंची तीन पोती बांधून तयार होती.

ब्रॉनविन मात्र रेडिओपाशीच उभी होती. ती वाराबिन गावच्या अग्निशमन दलाची कॅप्टन होती. एरवी दुग्धालय चालवायची. तिच्यासह दलातले सगळेच बिनपगारी होते.

“कुठं आहे आग?” क्लाइव्हनं विचारलं.

“डोंगरापलीकडे, जंगलात. तीस किलोमीटर.”

“मग जायचं की नाही?”

“जाऊ. आज बंब तसाही बाहेरच ठेवायचाय. पोरं सकाळपासून वाट बघतायत.” पण हे बोलताना ती क्लाइव्हकडे पाहत नव्हती, उघड्या दारातून डोंगराकडे पाहत होती.

क्लाइव्ह एकोणतीस वर्षं गावच्या शाळेची बस चालवत होता आणि बावीस वर्षं नाताळच्या आदल्या दिवशी सांता होत होता. पहिल्या कामाशिवाय दुसरं जमलं नसतं. बसमध्ये पोरं वर्षभर बोलत असत, आणि क्लाइव्ह आरशात बघत ऐकत असे. कुणाला रंगपेटी हवी, कुणाचा चेंडू धरणात गेला, कुणाला बाहुली आवडते पण सांगायची लाज वाटते. डिसेंबर उजाडला की तो आणि थेल्मा मोठ्या गावच्या बाजारात जात. थेल्मा सगळ्यांना एकसारखं काहीतरी घेऊन टाकू म्हणायची आणि क्लाइव्ह दुकानदाराला माळ्यावरची खोकी काढायला लावायचा. त्रेचाळीस पोरं, त्रेचाळीस वेगवेगळ्या वस्तू. सांताला आपल्या मनातलं कसं कळतं, याचं वाराबिनच्या पोरांना भारी नवल वाटे.

ही प्रथा त्याची नव्हती. चौतीस वर्षांपूर्वी गावात मोठी आग आली होती. तिच्यानंतर बंबाचा भोंगा वाजला की पोरं पलंगाखाली शिरायची. एक मुलगी तर दिवसभर बाहेर आली नव्हती. तेव्हाचा कॅप्टन मर्व्ह गॅरिटी. त्यानं त्या डिसेंबरात बायकोचा लाल गाऊन अंगावर चढवला, बंबावर चढला आणि भोंगा वाजवत घरोघर गोळ्या वाटत हिंडला. भोंग्याची भीती मोडायची, एवढाच त्याचा हेतू होता, आणि ती मोडली. तेव्हापासून वाराबिनमध्ये नाताळच्या आदल्या दिवशी भोंगा वाजला की पोरं पळत ती फाटकाकडे. त्या पोरांची आता पोरं झाली होती, तीही पळत होती.

साडेतीनला फेरी सुरू झाली. चर्चच्या रस्त्यावर पोरं उघड्या अंगानं, पाण्याच्या पाइपाखाली भिजून उभी होती. क्लाइव्हनं गोळ्या उधळल्या, नावं पुकारली, पुडकी दिली. कुणीतरी त्याला थंड बिअर दिली. नेहमीसारखंच सगळं चाललं होतं. झाडांवरचे पोपट तेवढे गप्प होते, आणि आभाळ उत्तरेकडून चहासारखं तपकिरी होत चाललं होतं.

सॅडलर रोडच्या तोंडाशी त्याच्या लाल बाहीवर काहीतरी येऊन पडलं. निलगिरीचं पान होतं. अख्खं, शिरांसकट, आणि पार काळं. त्यानं बोट लावलं तसा त्याचा भुगा झाला.

“ब्रॉनविन,” त्यानं हाक मारली.

ती बंबाच्या खिडकीत कानाला रेडिओ लावून ऐकत होती. तिचा चेहरा बघून क्लाइव्ह खाली उतरला.

“वाऱ्यानं ठिणग्या डोंगराच्या धारेच्या अलीकडे फेकल्यात,” ती म्हणाली. “अर्धा तास. फार तर चाळीस मिनिटं. मला बंब शाळेच्या बाजूला न्यायचाय, तिथं लोक जास्त आहेत.”

“आणि सॅडलर रोड?”

त्या रस्त्यावर सात घरं होती. टेलिफोनची तार दुपारीच तुटली होती.

“मला इथंच सोड,” क्लाइव्ह म्हणाला.

“अडुसष्ट वर्षांचा आहेस तू.”

“मोजत बसायला वेळ आहे का? जा तू.”

“सगळ्यांना फुटबॉलच्या मैदानावर आण,” ती म्हणाली. “तिथलं गवत खरडलंय.” बंब वळला. भोंगा वाजवत, पोती घेऊन निघून गेला.

आणि तोच भोंगा ऐकून सॅडलर रोडची पोरं फाटकांवर चढून बसली होती.

पहिलं घर नेव्हिल क्रॅगचं. त्याच्या दोन मुली, बारा वर्षांची शोना आणि सहा वर्षांची टेस, फाटकावरून ओरडत होत्या. नेव्हिल कॅमेरा घेऊन उभा होता.

“हा बघा, यंदा पायी आला! रेनडिअर संपावर गेले वाटतं!”

“नेव्हिल, आग आलीय. पोरींना गाडीत घाल, निघ.”

नेव्हिल हसला. “दाढी नीट कर आधी, फोटो घेतो.”

“मी चेष्टा करत नाहीये!”

“अरे, रेडिओवर तर तीस किलोमीटर म्हणाले. अजून नाताळची टर्की ओव्हनमध्ये आहे माझी.”

क्लाइव्हला त्याच्या कानशिलात मारावीशी वाटली. पण धाकटी टेस त्याच्याकडे टक लावून पाहत होती. तिच्या नजरेत शंकेचा लवलेशही नव्हता. क्लाइव्ह गुडघ्यावर बसला.

“टेस, ऐक. यंदा भेटवस्तू मैदानावर मिळणार आहेत. सगळ्यात मोठ्या. पण लवकर जायचं. जो आधी पोचेल त्याला आधी.”

“आत्ता?”

“आत्ताच्या आत्ता. चपला घालायलासुद्धा थांबायचं नाही.”

टेस किंचाळत गाडीकडे धावली. नेव्हिल तोंड उघडतोय तोच वाऱ्याचा झोत फिरला आणि धुराचा वास अंगणभर पसरला. त्यानं धारेकडे पाहिलं. कॅमेरा गवतात टाकून तो बायकोला हाका मारत आत धावला. बाहेर आला तो शेडमधून एक निळी सायकल ओढत. तिच्या हँडलला लाल फीत बांधलेली होती.

“ही घे. पायी पोचणार नाहीस.”

गाडीच्या खिडकीतून शोनानं सायकल पाहिली, मग बापाकडे पाहिलं.

पुढची चार घरं क्लाइव्हनं तशीच रिकामी केली. मोठ्यांशी तो बोललाच नाही. आधी पोरांना गाठायचा. मैदानावर, मैदानावर, लवकर. पोरं आयांचे हात ओढत गाड्यांकडे नेत होती. एक बाई चिडून म्हणाली, “हे कुणाच्या डोक्यातून निघालं? पार दिवसाची वाट लावली!” क्लाइव्ह म्हणाला, “माझ्याच,” आणि पुढे पायडल मारलं. फीत वाऱ्यावर फडफडत होती. लाल डगल्याच्या आत घाम पाण्यासारखा वाहत होता. धारेवर आता धूर नव्हता, उजेड होता. दुपारी साडेचारला, सूर्य झाकलेला असताना, उजेड.

सहावं घर रेक्स डन्स्टनचं. एकटा माणूस, चार घोडी पाळणारा. त्यानं नाताळच्या फेरीला आजवर फाटक उघडलं नव्हतं. एकदा तर भोंग्यानं घोडी बिथरली म्हणून क्लाइव्हला कुंपणाबाहेरून शिव्या घातल्या होत्या. आज फाटक उघडं होतं आणि तो भिजवलेलं पोतं खांद्यावर टाकून उभा होता.

“तुला काय सांगू,” क्लाइव्ह धापा टाकत म्हणाला. “तुझ्याकडं पोरं नाहीत.”

“मग खरं सांग.”

“दहा मिनिटं. कदाचित तीही नाहीत.”

“मला दिसतंय,” रेक्स म्हणाला. “म्हातारी पॅस्को अजून घरात आहे. तिला कसं आणणार? सायकलच्या कॅरियरवर?”

क्लाइव्हनं त्याचा विचारच केला नव्हता. आयव्ही पॅस्को अठ्ठ्याऐंशी वर्षांची, रस्त्याच्या टोकाला, एक किलोमीटर पुढे राहायची.

रेक्सनं खिशातून किल्ली काढून त्याच्या हातात कोंबली. “माझा पिकअप ने. तिला घे आणि ओढ्यातून पलीकडच्या रस्त्याला लाग. इकडं परत वळायचं नाही.”

“तूही चल. तिघं बसू.”

“घोडी कोंडलेली आहेत. चार फाटकं उघडायची आहेत. मी ट्रॅक्टरनं मागून येतो, कुरणातून. तुझ्याआधी पोचेन.”

“रेक्स...”

“अरे जा ना, जोकर! तिथं म्हातारी भाजतेय आणि तू गप्पा मारतोस!”

क्लाइव्ह गेला. पिकअपची सीट रेक्सच्या लांब पायांना बेतलेली होती. काठावर बसून त्यानं कशीबशी गाडी हाकली. आयव्ही व्हरांड्यात लिंबू-सरबताचा जग घेऊन बसली होती. एके काळी ती क्लाइव्हची शिक्षिका होती.

“उशीर झाला तुला, पोरा.”

“मिसेस पॅस्को, चला. आग आहे.”

“सरबत तरी घे.”

“नको.” त्यानं तिला सरळ उचललं. तिचं वजन काहीच नव्हतं. ती त्याच्या दाढीला धरून म्हणाली, “क्लाइव्ह हॅनफर्ड, तू रडतोयस का?” धुरानं त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यानं तिला पिकअपमध्ये बसवलं. ओढा ओलांडताना त्यानं आरशात पाहिलं. बस चालवणाऱ्या माणसाची सवय. मागं सॅडलर रोड नव्हता. नुसता लाल आवाज होता, रेल्वे अंगावरून जावी तसा.

मैदानावर सगळं गाव जमलं होतं. ओल्या चादरी पांघरून लोक खरडलेल्या गवतावर बसले होते. क्लाइव्ह पिकअपमधून उतरला तशी पोरं धावली. टेस सगळ्यांच्या पुढे होती, अनवाणी.

“सांता! मी पहिली आले! कुठं आहेत?”

बंब मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. त्याच्यावरची पोती जळून वितळली होती. ब्रॉनविननं लांबूनच मान हलवली.

दुसरं काहीतरी सांगता आलं असतं. सांता परत उत्तरेला गेलाय, उद्या येईल. थेल्मा लांबून हातानं तेच खुणावत होती. पण नेव्हिलची बायको मागं उभी राहून आपलं घर जिथं होतं त्या दिशेला बघत होती. शोनानं धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला होता. क्लाइव्हला वाटलं, आज यांना आणखी काही खोटं सांगायचं नाही.

त्यानं टोपी काढली. दाढी काढली. तिच्या अर्ध्या भागाला काजळी लागली होती.

“काही नाही आणलं,” तो म्हणाला. “तुम्ही लवकर यावं म्हणून मी खोटं बोललो.”

पोरं त्याच्याकडे बघत राहिली. रोज बसच्या आरशात दिसणारा चेहरा. एक लहानगा रडायला लागला. टेस रडली नाही. ती वळली आणि आईच्या चादरीत जाऊन बसली.

ब्रॉनविननं यादी वाचायला घेतली. सॅडलर रोड, एक, दोन, तीन. सगळे “आहे” म्हणाले. आयव्ही पॅस्को “हजर” म्हणाली. रेक्स डन्स्टन. ब्रॉनविननं नाव दोनदा घेतलं.

“येतोय तो,” क्लाइव्ह म्हणाला. “ट्रॅक्टरनं. कुरणातून येतोय.”

अंधार पडेपर्यंत तो मैदानाच्या कुरणाकडच्या टोकाला उभा होता. थेल्मानं पाणी आणून दिलं, तेही तिथंच प्यायला.

नाताळच्या दिवशी दुपारी शेजारच्या गावांतून दोन ट्रक आले. पांघरुणं, पाव, कपडे, आणि पोरांसाठी रंगीत कागदात बांधलेली खोकी. कुणीतरी रात्रभर जागून त्यांच्यावर नावंही लिहिली होती. ट्रकबरोबर आलेल्या मंडळींच्या प्रमुखानं क्लाइव्हला लाल डगला आणून दाखवला. क्लाइव्ह नको म्हणाला. मळक्या बनियनवरच तो टेबलामागं उभा राहिला आणि नावं पुकारू लागला. पोरं रांगेत उभी होती. गोंधळ नव्हता, ढकलाढकली नव्हती.

“थँक यू, मिस्टर हॅनफर्ड,” टेस म्हणाली. बसमधून उतरताना म्हणायची तसंच. खोकं न हलवता, आत काय आहे न विचारता ती निघून गेली.

ब्रॉनविन आली तेव्हा अर्धं टेबल रिकामं झालं होतं. तिच्या भुवया जळल्या होत्या. ती क्लाइव्हच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि हळू आवाजात बोलली.

“चौथ्या फाटकापाशी सापडला. घोडी ओढ्यात उभी आहेत. चारही.”

क्लाइव्हनं हातातलं खोकं परत टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, “ट्रॅक्टर बंद पडला असेल. नाहीतर पोचला असता.”

ब्रॉनविननं त्याच्याकडे पाहिलं.

“ट्रॅक्टरचं इंजिन खोलून ठेवलेलं आहे, क्लाइव्ह. शेडमध्ये, जमिनीवर, सुटं. दोन महिने झाले, कुठलासा भाग यायचा होता. गावात सगळ्यांना माहीत होतं.”

रांगेतली पुढची मुलगी वाट बघत उभी होती. क्लाइव्हनं टेबलावरचं खोकं उचललं. चिठ्ठीवरची अक्षरं त्याला नीट दिसेनात. त्यानं खोकं डोळ्यांजवळ नेलं, पुन्हा वाचलं.

“इंग्रिड,” तो म्हणाला. मुलीला ऐकू गेलं नाही, म्हणून त्यानं पुन्हा, मोठ्यानं हाक मारली.