ट्रकच्या पोटाखाली

शिवमूर्तीनं शेवटचा दगड मागच्या चाकाला लावला, लाथ मारून तो हलतो का बघितलं, आणि मग आधी लावलेल्या दगडांनाही पुन्हा एकेक लाथ मारली. एकही हलला नाही. ट्रक तर स्वतःच हलायच्या लायकीचा नव्हता. इंजिन मजेत चालत होतं, पण त्याची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणाऱ्या लांब लोखंडी शाफ्टचा सांधा खिळखिळा झाला होता. तशीच गाडी काढली असती तर शाफ्ट भर रस्त्यात गळून पडला असता.

त्यानं ट्रकखाली पोतं अंथरलं. गुडघे टेकले, वाकला. आत अंधार नव्हता खरं तर. सावली होती, उन्हाच्या त्या दुपारी कुणालाही जाऊन पडावंसं वाटेल अशी. तो थोडा वेळ तसाच वाकून राहिला. मग उठला आणि पोतं झटकलं, जणू तेवढ्यासाठीच वाकला होता.

"सकाळधरनं त्या पोत्याला झटकून राहिलाव," ओट्यावर डाळ निवडत बसलेली शिवगंगा म्हणाली. "धुवायला टाकू का त्याला?"

"करतो की."

"काल बी करतोच म्हनलाव."

गल्लीत त्याचं नाव होतं, शिवमूर्ती कधी मेस्त्रीला बोलवत नाही म्हणून. रेडिएटर असो, पंप असो, बॉनेट उघडून कमरेपर्यंत आत बुडायचा आणि गाडी चालू करूनच वर यायचा. कुणी त्याला हुशार म्हणायचं, कुणी चिकट. पण तो जे काही दुरुस्त करायचा ते वरनं करायचा, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. खालचं काम निघालं की गाडी उदगीरला नाहीतर नांदेडला नेऊन गॅरेजसमोर लावायची, किल्ली द्यायची आणि पायी कुठंतरी लांब निघून जायचं. परत यायचा तेव्हा गाडीखाली कुणी नसायचं. शिवगंगेला हे ठाऊक होतं. ती बोलायची नाही.

या खेपेला गाडी घरासमोरच बसली.

आणि तिकडं वेल्डरच्या दुकानात कॉट तयार होऊन पडल्या होत्या. ट्यूशन एरियात राघवेंद्र सरांचं मुलींचं नवं होस्टेल उघडणार होतं. दहावीचा निकाल लागला की कुठकुठनं, लोह्याहून, जळकोटाहून पोरं पत्र्याच्या ट्रंका घेऊन लातुरात उतरायची आणि त्या सगळ्यांना रात्री पाठ टेकायला काहीतरी लागायचं. भूकंपानंतर याच ट्रकनं शेडांसाठी पत्रे वाहिले होते. आता कॉट. हे काम हातचं गेलं की सरांच्या मागनं बाकीची होस्टेलंही जाणार, आणि मग ट्रक नुसताच दारात उभा.

"शिवमूर्ती, परवा मुली येतायत," सर सकाळी कोपऱ्यावरच्या फोनवर म्हणाले होते. "फरशीवर झोपवू का त्यांना? जमत नसेल तर स्पष्ट सांगा. मी दुसरी गाडी बघतो."

"जमतंय सर. आज निघतीच गाडी."

शिवगंगेनं सूप बाजूला ठेवलं.

"संगप्पाला बलावते."

"मी करतो म्हनलो ना."

"तुमी न्हाई करनार," ती त्याच्याकडं न बघता म्हणाली. "मला म्हायती हाय, तुमाला बी म्हायती हाय."

तो चाकाला लावलेल्या दगडाकडं बघत राहिला. ती चपला घालून कोपऱ्यावरच्या फोनकडं गेली, तेव्हा त्यानं तिला अडवलं नाही.

गॅरेजातला संगप्पा मेस्त्री लुनावर आला. मूळचा देगलूरकडचा, अर्धं बोलणं कानडी, अंगानं ऐसपैस. सहाही चाकांचे दगड आणि अॅक्सलखाली रचलेले लाकडी ठोकळे बघून तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"अण्णा, गाडी हाय का म्हस? सुटून पळती का काय?"

"असू दे."

"लगीनघरचा मांडव बी इतका मजबूत नसतोय, खरं सांगतो."

"असू दे की रे."

संगप्पानं पान्यांची पिशवी आत सरकवली, पोत्यावर पाठ टेकली आणि सरपटत आत गेला. बाहेर उरले नुसते पाय. टाचा भेगाळलेल्या, एका अंगठ्याला चिंधी बांधलेली.

आता निघून जावं, असं शिवमूर्तीला वाटलं. चपला तिथंच होत्या. पण आपल्याच दारातनं, बायको बघत असताना, कुठं जाणार? तो कडुनिंबाला टेकून बसला. ऊन इतकं होतं की समोरचा रस्ता पाण्यासारखा हलत होता आणि ट्रक त्या पाण्यावर हळूहळू तरंगत असल्यासारखा दिसत होता. त्यानं डोळे चोळले. ट्रक जागेवर होता.

"संगप्पा."

"हां अण्णा."

"काय न्हाई."

आतनं पान्याची टकटक आली. मग थांबली.

"संगप्पा, हाईस का?"

"हाय की. कुटं जाऊ? लगीन ठरलंय का माजं?"

शिवगंगा हसली. शिवमूर्तीही हसल्यासारखं करायला गेला, पण तोंड कोरडं पडलं होतं. जिभेवर मातीची चव आली.

तशीच चव तेव्हा होती. किल्लारीच्या बाजूला, सासुरवाडीला, गणपती बुडवून सगळी झोपली होती आणि माळवद खाली आलं. नंतरचं त्याला स्वप्नासारखंच आठवायचं, तुकड्यातुकड्यानं. छातीवर तुळई. कुठं वर, कुठं खाली, ते कळत नव्हतं. आणि पडलेल्या भिंतीपलीकडनं मेव्हण्याचा आवाज. शंकरप्पा, शिवगंगेचा धाकटा भाऊ. दोघं बोलत राहिले. बैलांचं, कुणाच्या तरी लग्नातल्या बुंदीचं. शंकरप्पा एकदा हसलासुद्धा. मग त्याचा आवाज सावकाश लांब गेला, जत्रेत एखादं माणूस बोलता बोलता पुढं चालत जावं तसा. शिवमूर्तीला वाटलं, झोपला. दमलाय, झोपू द्यावं. म्हणून त्यानं हाक मारली नाही.

एवढं एकच त्यानं शिवगंगेला कधी सांगितलं नव्हतं.

"संगप्पा."

"अण्णा, तुमी हाका मारा नाहीतर मला काम करू द्या. नट लई गंजलेत. डिझेल सोडलोय, मुरू द्या जरा."

"बरं."

कुणीतरी सायकलवरनं गेलं. कडुनिंबाची पानं गळत होती, एकेक, घाई नसल्यासारखी. टकटक येईना. शिवमूर्ती पायांकडं बघत राहिला. चिंधीचा अंगठा बाहेरच्या अंगाला कलला आणि तसाच राहिला.

"संगप्पा."

पानं गळत होती.

"ए संगप्पा!"

"झोपला आसंल," शिवगंगा म्हणाली. "काल रातभर गॅरेजात होता म्हने. झोपू द्या त्याला."

शिवमूर्ती उठला. कसा उठला, कधी चालला, हे नंतर त्याला सांगता आलं नसतं. आधी हात जमिनीला लागले, मग पोट, मग गाल. तो कोपरांवर सरकत आत गेला. वरचं ऊन एकदम कुणी पांघरूण ओढल्यासारखं निघून गेलं. ग्रीसचा, डिझेलचा, थंड मातीचा वास आला. त्यानं संगप्पाचा खांदा धरला आणि गदागदा हलवला.

"अय्योऽ, काय झालं? काय पडलं?" संगप्पा दचकून बडबडला. "डोळा लागला होता अण्णा."

शिवमूर्तीचा हात खांद्यावरनं निघेना. शर्ट घामानं ओला होता आणि आत छाती वरखाली होत होती. तो त्या हलण्याकडं बघत राहिला, त्याचा स्वतःचा श्वास त्याला सापडेपर्यंत.

मग तो पाठीवर वळला. इतकी वर्षं चालवलेल्या गाडीचं पोट त्यानं पहिल्यांदा पाहिलं. केवढ्या तरी गावांची माती थरावर थर बसलेली, काळी, लाल, मधेच पिवळी. एका आडव्या पट्टीवर गांधीलमाशीनं मातीचं घर बांधलेलं, रिकामं. चाकांमधनं लांबवर रस्त्याचा उजेड दिसत होता आणि त्यात माणसांचे नुसते पाय चालले होते.

संगप्पा त्याच्याकडं बघत होता. काहीतरी विचारायला म्हणून त्यानं तोंड उघडलं, मग पिशवीतनं पाना काढला.

"शाफ्ट दोरीनं बांधनार होतो," तो म्हणाला. "आता आलाव तर धरा जरा. शेवटचा नट निघला की वजन येतंय. सोडू नका."

शिवमूर्तीनं दोन्ही हात वर केले. नट कुरकुरला, फिरला, सुटला. लोखंडाचं वजन आधी बोटांवर आलं, मग तळव्यांवर, मग खांद्यांत उतरलं. वर कुठं, खाली कुठं, ते त्याला नीट कळत होतं.

ट्रकच्या कडेला शिवगंगेचे पाय येऊन थांबले.

"अवो?" तिचा आवाज बारीक झाला होता. "तुमी... खालीच हाव का?"

"थांब जरा," तो म्हणाला. "हात गुतलेत."

ते पाय तिथनं हलले नाहीत.