डॅटसनचा उंबरा

कुवेतमधल्या मीना अब्दुल्ला या गावच्या रिफायनरीत पद्मजा गायधनी वेल्डिंग इन्स्पेक्टर होती. दुसऱ्यांनी केलेले जोड तपासायचे आणि पसंत पडले नाहीत तर त्यावर खडूने फुली मारायची, हे तिचं काम. ती लांबून येताना दिसली की कंत्राटदारांची माणसं बोलणं थांबवत. स्वतः मात्र तिने वेल्डिंगची गन कधी हातात धरली नव्हती.

ती आणि तिचा नवरा सलील सबाह अल-सालेम वस्तीत एका बंगल्याच्या तळमजल्यावर भाड्याने राहत. सलील सरकारी इस्पितळात लॅब टेक्निशियन होता. वरच्या मजल्यावर घरमालकीण लुबना आणि तिचे म्हातारे वडील अबू फहद. अंगणातल्या शेडखाली अबू फहदांची फिकट हिरवी डॅटसन उभी असे. तरुणपणापासून ते याच गाडीने समुद्रावर मासेमारीला जात आणि ओली जाळी, जुबेदीने, म्हणजे पापलेटांनी, भरलेल्या बादल्या मागच्या सीटखाली ठेवून परत येत. ते खारं पाणी गालिच्याखाली मुरत राहिलं आणि गाडीला आतून खात गेलं.

एक दिवस लुबनाने गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने खाली वाकून स्क्रूड्रायव्हर टोचला, तो आरपार गेला. “वरून छान आहे, पण सांगाडा गेलाय. भंगारात द्या,” तो म्हणाला. अबू फहद जिना चढून वर निघून गेले.

लुबनाने हे पद्मजाला सांगितलं, तेव्हा पद्मजा नुकतीच कामावरून आली होती. तिने पर्स पायरीवर ठेवली, छोटी हातोडी आणली, मोबाईलचा उजेड पाडला आणि ऑफिसच्या कपड्यांनिशीच गाडीखाली शिरली. बराच वेळ नुसता टकटक आवाज येत होता.

“सांगाडा गेलेला नाही,” बाहेर येत ती म्हणाली. “दोन्ही बाजूंची सिलं गेलीत आणि त्यांना लागून तळाचा काठ. बाकी सगळं खणखणीत आहे.”

“सिल म्हणजे?” दारात येऊन उभ्या राहिलेल्या सलीलने विचारलं.

“गाडीचा उंबरा म्हण. दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पोकळ पेटी. या गाडीला खाली वेगळी चौकट नाही. सगळा भार याच्यावर.”

“तू करशील?” लुबनाने एकदम विचारलं.

“मी तपासते. करत नाही.”

पण त्या रात्रीचं जेवण तिला धड गेलं नाही. वरणात चमचा फिरवत ती म्हणाली, “कसं करायचं ते मला माहितीय रे. माझ्या हातांना माहीत नाही.”

पुढच्याच शुक्रवारी ती अर्दियाच्या गोदामांकडे गेली आणि एक लहान वेल्डिंग मशीन, गॅसचा सिलिंडर आणि पत्र्याचे कपटे घेऊन आली. थंडीचे सगळे सुट्टीचे दिवस तिने त्या कपट्यांवर घालवले. पातळ पत्रा तो. गन जरा रेंगाळली की भोक पडायचं, घाई केली की धातू नुसता वर बसायचा. जोडलेला तुकडा ती शिकंज्यात धरून हातोडीने मोडून बघे. मोडला, की त्यावर खडूने फुली. कोपऱ्यात फुल्यांचा ढीग साचला. “स्वतःला तरी जरा सवलत दे,” सलील म्हणायचा. ती हसून पुढचा कपटा उचलायची.

फुल्या कमी होत गेल्या, तेव्हा तिने गाडीला हात घातला. आधी पेट्रोलची टाकी, सीटा, गालिचे काढले. गाडी स्टँडवर समतल उभी केली. मग दाराच्या मोकळ्या चौकटीत आडवे-तिरपे पाईप जोडले. “उंबरा कापला की गाडी मधे वाकेल. एकदा वाकली की दारं कायमची बसणार नाहीत,” तिने लुबनाला समजावलं. तरी ग्राइंडर फिरला तेव्हा लुबनाने डोळे मिटून घेतले.

कापलेल्या पेटीतून गंजाचे पापुद्रे पडले, ओंजळभर वाळू पडली आणि एक गंजलेला गळ. अबू फहद खुर्चीतून पुढे झुकले. भारतीय सहकाऱ्यांबरोबर उभं आयुष्य काम केल्याने त्यांना मोडकंतोडकं हिंदी येत असे.

“ये मेरा है!” ते म्हणाले आणि खो खो हसले. लुबनाने त्यांना असं हसताना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

आतला पत्रा पद्मजाने बेतून कापला, वाकवला आणि जोडायला घेतला. एक छोटा टाका इथे, दुसरा लांब तिथे, मधे गार होऊ द्यायचं, नाहीतर पत्रा उष्णतेने वेडावाकडा होतो. तोवर एप्रिल उजाडला होता, शेडखाली भट्टी पेटल्यासारखं होई. ती घामाने निथळतेय हे पाहून लुबनाने मोठा पंखा आणून तिच्या मागे लावून दिला. मुखवट्याच्या आत पद्मजाला बरं वाटलं आणि ती तशीच काम करत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने जोड तारेच्या ब्रशने घासला आणि थबकली. सगळ्या जोडावर अनरशासारखी जाळी पडली होती.

“काय झालं?” सलीलने विचारलं.

“वेल्डिंग चालू असताना जोडावर गॅसचं पांघरूण लागतं. पंख्याच्या वाऱ्याने ते उडालं.”

“पण पत्रा धरलाय ना?”

“आज धरलाय.”

लुबनाचा चेहरा उतरला. “माझ्यामुळे झालं. पण पद्मजा, वरून बाहेरचा पत्रा बसला की हे कोणाला दिसणार आहे? बाबा एवढे वाट बघतायत.”

पद्मजाने खिशातून खडू काढला आणि आपल्याच जोडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फुल्या मारल्या. “कामावर एखाद्याने असा जोड दिला असता, तर मी सोडला असता का? आणि तुमचं काही चुकलं नाही. गार वाटल्यावर वारा कुठून येतोय हे बघणं माझं काम होतं.”

तिने ग्राइंडर सुरू केला. खांदे दुखत होते, तरी इतक्या मेहनतीने बसवलेला सगळा जोड तिने काढून टाकला. सलील बघत उभा होता. तिचा कडकपणा ही नोकरीची सवय आहे, असं त्याला इतकी वर्षं वाटत आलं होतं. घरी तो कधीकधी त्यावर चिडायचाही. आता त्याला तिचा अभिमान वाटला. त्याने हातमोजे चढवले आणि नवा पत्रा धरून तिच्या शेजारी बसला.

एक बाजू झाली, मग दुसरी. आत जस्ताचा प्रायमर, पोकळीत मेण, वर बाहेरचा पत्रा, मग रंग. शेवटी पाईप कापायचा दिवस आला. पद्मजाने सकाळी सगळे स्टँड पुन्हा एकदा तपासले. पाईप सुटले, टाकी आणि सीटा परत बसल्या, गाडी स्टँडवरून चाकांवर आली, किंचित कुरकुरली आणि स्थिर झाली.

“आता दार,” ती म्हणाली. पण स्वतः पुढे झाली नाही.

अबू फहद उठले. त्यांनी ड्रायव्हरचं दार उघडलं आणि दोन बोटांनी ढकललं. खट् करून ते बसलं. पुन्हा उघडलं, पुन्हा ढकललं. खट्.

ते पद्मजाकडे वळले, छातीवर हात ठेवला आणि मान झुकवली. मग किल्ली लुबनाच्या हातात दिली. या गाडीचं स्टिअरिंग त्यांनी आजवर कोणालाही धरू दिलं नव्हतं.

“मी?” लुबना म्हणाली.

“तू. मला आता दिसत नाही नीट. गल्लीतून एक चक्कर मार.”

गाडी फाटकाबाहेर पडली. पद्मजा शेडखालच्या सावलीत फरशीवरच बसली होती, पाय पसरून, हात मांडीवर मोकळे. सलीलने चहा आणून दिला आणि तिच्या शेजारी टेकला.

“जमलं गं तुला,” तो म्हणाला.

तिने घोट घेतला. कोपऱ्यावर वळणाऱ्या गाडीकडे तिचं लक्ष होतं.

“मागच्या चाकाची कमान बघितलीस? डावीकडची. रंग जरा फुगलाय तिथे. आत गंज असणार.”