टोपी काढून उभा

पाकीट आलं तेव्हा क्लिफर्ड ऑग्डेन चहात बिस्कीट बुडवत होता. ते फोडून वाचेपर्यंत बिस्कीट विरघळून कपाच्या तळाशी गेलं. दिवसच तसा होता म्हणायचा. दुकानांचं आवार सांभाळणाऱ्या कंपनीचं पत्र होतं: आवारातल्या खासगी रस्त्यावर, जिथे थांबायला सक्त मनाई आहे तिथे, तुम्ही गाडी थांबवलीत, सबब शंभर पाउंड भरा. खाली पुराव्यादाखल फोटो.

फोटोत त्याची निळी गाडी रस्त्याच्या मधोमध उभी. दार उघडं. शेजारी तो स्वतः, टोपी काढून छातीशी धरलेली, मान खाली, ताठ उभा. आणि समोर काहीच नाही. रिकामा रस्ता आणि गाद्यांच्या दुकानाची भिंत. कोण हा वेडा म्हातारा, असं क्षणभर त्याला स्वतःलाच वाटलं.

खरी गोष्ट अगदी साधी होती. त्या आवाराच्या टोकाला दहनगृहाचं फाटक आहे. त्या दिवशी फाटकाकडे एक शववाहिनी निघाली होती. पुढे उंच काळी हॅट घातलेला माणूस पायी चालत होता, काचेआड पांढऱ्या फुलांची मोठमोठी अक्षरं होती, 'आजी'. क्लिफर्डने गाडी थांबवली, खाली उतरला, टोपी काढली. मागच्याने हॉर्न मारला तरी हलला नाही. शववाहिनी पुढे गेली, हा गाडीत बसून आपल्या वाटेने गेला. झालं! एवढ्यालाच शंभर पाउंड. कॅमेऱ्याचं तोंड गाडीकडे आणि पाठ शववाहिनीकडे, त्याला कुठली आजी दिसायला?

बरं, त्याला हे कुणी वेगळं शिकवलेलं नव्हतं. तो वाढला त्या गिरणीच्या गल्लीत मयत निघालं की घराघराचे पडदे ओढले जायचे आणि रस्त्यावरचा माणूस जागीच उभा राहायचा. दूधवालासुद्धा. गेलेला कोण, आपला की परका, चांगला की बदमाश, विचारायचं नाही. टोपी काढायची आणि तो जाईपर्यंत थांबायचं. बापाने एकदा टोपी काढायला उशीर झाला म्हणून कानाखाली वाजवली होती, तेवढंच काय ते शिक्षण.

संध्याकाळी जनीन आली. त्याची एकुलती लेक, दातांच्या दवाखान्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करणारी, पायाला भिंगरी लावल्यासारखी. मासळी आणि बटाट्याचे काप घेऊन आली होती. कागद उलगडता उलगडता तिने तो फोटो पाहिला, आणि जरा जास्तच वेळ पाहिला.

"बाबा, हे काय करत होतात तुम्ही?"

"शववाहिनी चालली होती."

"कुठेय?"

"फोटोत नाही आली."

"कोणाची होती?"

"मला काय ठाऊक! कोणाची तरी आजी होती."

जनीनने काप तसेच बाजूला सारले. "ओळख ना पाळख, आणि तुम्ही भर रस्त्यात गाडी सोडून उतरलात? बाबा, आता कोणी नाही थांबत. मागून ठोकलं असतं म्हणजे?"

"नाही ना ठोकलं."

तिच्या मनात काय चाललंय ते क्लिफर्डला लख्ख दिसत होतं. त्याच्या बायकोचं, डोरीनचं, असंच सुरू झालं होतं. जनीनची आई एके दिवशी दुकानात पावांच्या फळीसमोर, हातात एक सपात धरून, कुणाची तरी वाट पाहत उभी सापडली होती. आज ती त्या दुकानांच्या पलीकडच्या वृद्धाश्रमात होती, आणि नवऱ्याचं नाव तिला आठवड्यातून एखाद्या वेळी आठवे. पण दुपारचं जेवण मात्र ती त्याच्याच हातून घ्यायची. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटायची. म्हणून क्लिफर्ड रोज गाडी काढून जायचा. बसने जायचं तर दोन बस बदलायच्या, आणि दुसरी कधी येईल ते तिच्या ड्रायव्हरलाही माहीत नसायचं.

"गाडी सोडा आता, बाबा," जनीन अखेर म्हणालीच.

"या एका कागदावरून?"

"या फोटोवरून."

तो उसळला. "मी डोकं ताळ्यावर ठेवून थांबलो होतो! मी भांडणार यांच्याशी. चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"भांडा. दंड रद्द झाला तर मी पुन्हा गाडीचा विषय काढणार नाही. नाही झाला तर चावी माझ्याकडे. कबूल?"

"कबूल," क्लिफर्ड म्हणाला. खरं त्याच्या बाजूला होतं, मग भ्यायचं कशाला?

त्या रात्री त्याने आपल्या हाताने पानभर लिहून काढलं, शववाहिनी, हॅटवाला, फुलं, सगळं. हात दुखून आला. जनीनने ते पान पर्समध्ये घातलं. "हे कॉम्प्युटरवरूनच पाठवावं लागतं. मी टाईप करते. तुमचं अक्षर कोणाला लागणार?"

मग नुसती वाट पाहणं. कंपनीचं उत्तर आलं की तक्रार मिळाली, मग आलं की विचाराधीन आहे. क्लिफर्डला वाटायला लागलं, भीक नको पण कुत्रा आवर. रोज डोरीनला जेवायला घालताना तो तिला हकिगत सांगायचा. ती शांतपणे घास चावत ऐकायची. तिला ती रोज नवी.

आणि एके दिवशी जनीन हसत हसत घरात शिरली. "बाबा, सुटलात! रद्द!"

क्लिफर्ड खुर्चीतून उठला, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. "म्हटलं नव्हतं? पटलं ना त्यांना शववाहिनीचं?"

जनीन किटलीत पाणी भरायला लागली. गरजेपेक्षा जास्त भरलं.

"जनीन."

"सुंठीवाचून खोकला गेला ना, बाबा? मग कशाला चौकशा?"

"काय लिहिलंस?"

तिने मागे न वळताच सांगितलं. "लिहिलं, की वडील ऐंशीचे आहेत. आई आश्रमात असते. त्यांचा हल्ली गोंधळ उडतो, कुठे आहोत ते कळत नाही. असं लिहिलं की सोडतात हो. दवाखान्यातली सुझान म्हणाली. शववाहिनीचं कोण मानणार होतं? फोटोत होती कुठे ती?"

किटली खदखदून बंद पडली तरी कोणी चहा ओतला नाही.

"तू तरी मानलंस का?" क्लिफर्डने विचारलं.

ती गप्प राहिली. त्याला लागलं ते त्या गप्प राहण्याचं. कंपनी काय, परकीच होती.

त्याने खुंटीवरची चावी काढून टेबलावर ठेवली. "घे. कुठे आहोत ते न कळणाऱ्या माणसाने गाडी चालवू नये."

"बाबा, असं नका ना करू. आपलं तसं ठरलं नव्हतं."

"घे म्हणतो ना."

"नको" म्हणत म्हणतच तिने चावी उचलून पर्समध्ये टाकली.

मग बसचा प्रवास. पावसात उभं राहणं, गुडघे धरून चढणं. तो पोचेपर्यंत डोरीनचं ताट कधीच गार झालेलं असायचं, आणि ती ओठ मिटून बसलेली. आश्रमातल्या मुली म्हणायच्या, वजन उतरतंय हो यांचं. जनीनला सांगायचं त्याने टाळलं. थकून गेला होता बिचारा, भांडायलाही अंगात जोर लागतो.

रविवारी मात्र जनीन त्याला स्वतः न्यायची, त्याच्याच निळ्या गाडीतून, आणि वेळेवर पोचलेल्या बापाच्या हातून आई कशी जेवते ते बघायची. असाच एक रविवार उलटून पुढचा सोमवार आला, तिला सुट्टी होती, म्हणून त्या दिवशीही तीच त्याला नेत होती. दुकानांच्या आवारात शिरल्यावर ती काहीतरी बोलत होती आणि मध्येच थांबली. समोरून हॅटवाला चालत येत होता. मागे शववाहिनी, काचेआड पांढऱ्या फुलांची अक्षरं. 'बाबा'.

क्लिफर्डने फक्त टोपी काढली आणि छातीशी धरली. मान खाली घातली.

जनीनने त्याच्याकडे पाहिलं. मग वर खांबावरच्या कॅमेऱ्याकडे. त्याचं तोंड त्यांच्याकडे होतं, पाठ शववाहिनीकडे.

"अगं बाई," ती पुटपुटली. तिचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"कॅमेरा आहे हं," क्लिफर्ड म्हणाला.

"असू दे." तिने इंजीन बंद केलं, दार उघडून खाली उतरली, वळसा घालून आली आणि त्याला हात देऊन उतरवलं. दोघं बापलेक शेजारी शेजारी उभे राहिले. मागून हॉर्न वाजला. जनीन वळून ओरडली, "जरा दम धर की रे, मेल्या!" जवळून जाताना हॅटवाल्याने दोघांना किंचित मान लववली. तेव्हा ती रडायला लागली, आणि क्लिफर्डने तिच्याकडे पाहायचं टाळलं.

पाकीट पुन्हा आलं. या वेळी फोटोत दोन वेडे होते.

जनीनने उत्तर लिहिलं ते बापासमोर बसून, त्याचंच जुनं पान शेजारी ठेवून. शववाहिनी, हॅटवाला, फुलं. जे घडलं ते, अक्षर न् अक्षर. कंपनीने वाचलं की नाही देव जाणे. उत्तर आलं, सबब मान्य नाही, दंड कायम.

तिने तो भरला. त्याच संध्याकाळी ती आली, कोट न काढताच स्वयंपाकघरात गेली आणि पर्समधून चावी काढून खुंटीला अडकवली.

क्लिफर्ड खुर्चीतूनच म्हणाला, "दंड रद्द झाला नाही तर चावी तुझ्याकडे, असं ठरलं होतं."

"गप्प बसा, बाबा," जनीन म्हणाली. "आणि उद्या आईच्या जेवणाला वेळेवर जा."