नेटला चिकटलेले चार बॉल

व्हॉलीबॉलमध्ये सेटरकडे कुणी बघत नाही, हे आधीच सांगून ठेवते. लोक बघतात उडी मारून बॉल हाणणारीकडे. तिच्यासाठी तो बॉल हवेत उचलून देते ती सेटर, म्हणजे मी. बॉल नेटपासून हातभर लांब दिला की मारणारी मोकळा हात फिरवते आणि टाळ्या घेते. तोच वीतभर आत, नेटला चिकटवून दिला की तिचा हात अडकतो, समोरच्यांच्या उंचावलेल्या हातांचा ब्लॉक बसतो आणि बघणाऱ्याला वाटतं, हिलाच मारता आलं नाही. माझ्या बोटांनी काय केलं ते कुणाला दिसत नाही. मारणारीलाही कळेलच असं नाही, तिचे डोळे वर असतात. या एका गोष्टीच्या जिवावर मी बारा वर्षं काढली.

मी मनाली, पंचवटीची. एका सरकारी कंपनीच्या टीममधून खेळायचे, नोकरीही तिथेच. पाच वेळा नॅशनल, दोनदा भारताचा कॅम्प, एक सीझन मालदीवच्या क्लबकडून. आता गुडघ्याने मान टाकलीय, म्हणून मार्चमध्ये खेळणं सोडलं. तर आमच्या जुन्या मैदानावरच्या मंडळींनी सत्कार ठेवला, गेल्या रविवारी, संध्याकाळी सहा वाजता. चौकात माझा फोटो, हा एवढा मोठा. फोटोखाली 'नाशिकची शान'. मला तर तो बॅनर फाडून टाकावासा वाटत होता.

कारण ते मैदान आता राखी चालवते.

राखी म्हणजे माझी मैत्रीण. पाचवीपासून आम्ही एकाच नेटवर वाढलो. मी उचलायचे, ती मारायची. तिची आई कुसाबाई भाजीबाजारात मेथी-कोथिंबीर घेऊन बसते. राखी पहाटे आईबरोबर जुड्या लावायची आणि तसेच ओले हात घेऊन मैदानावर यायची. पण काय उडी होती तिची! आमचे गांगुर्डे सर म्हणायचे, ही पोरगी वर गेली की खाली यायचं विसरते. सरांचा एक नियम होता. ज्याची चूक त्याने ताबडतोब हात वर करायचा आणि 'माझा' म्हणायचं. कारणं नाहीत, कुरकुर नाही. सर गेले, नियम राहिला.

एकोणीस वर्षांच्या होतो तेव्हा कंपनीची ट्रायल निघाली, पुण्यात. आम्ही दोघी एसटीने निघालो. सीबीएस स्टँडवर कुसामावशी सोडायला आल्या होत्या. दशम्यांचा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "मनाली, माझ्या पोरीला नीट बॉल दे गं बाई. मला त्यातलं काय कळत नाय, पर ती म्हणते समदं तुझ्या हातात हाय." मी हसले. म्हटलं, मावशी, काळजीच करू नका.

पहिल्या डावात राखीने कहर केला. तेरापैकी अकरा बॉल जमिनीत गाडले. मीच दिले होते ते, आणि सुंदर दिले होते. मग पाण्याची सुट्टी झाली. मी नळावर वाकले होते, मागे दोन निवड करणारे बोलत होते. एक म्हणाला, "नाशिकची एकच घ्यायचीय. ती मारणारी घेऊन टाकू. सेटर काय, बऱ्याच मिळतात."

घरी वडील रिटायर व्हायला टेकलेले, माझं लग्न उरकायच्या गोष्टी चाललेल्या. पण ही कारणं मी नंतर जमवली. त्या वेळी मनात एकच होतं. बऱ्याच मिळतात? मी?

दुसऱ्या डावात मी राखीला चार बॉल नेटला चिकटवून दिले. मुद्दाम. चारच. जास्त दिले असते तर कुणाच्या तरी नजरेत आलं असतं, एवढी अक्कल होती मला. पहिला ब्लॉक झाला, दुसरा नेटमध्ये गेला, तिसरा परत ब्लॉक, चौथा ती बिचकून हलकेच ढकलायला गेली, तोही नेटमध्ये. आणि चारही वेळा, अहो चारही वेळा, तिने हात वर केला. "माझा! टायमिंग चुकलं." मोठ्यांदा, सरांनी शिकवलं होतं तसं. निवड करणाऱ्यांनी लगेच कागदावर लिहून घेतलं. त्यानंतर मी चांगले बॉल दिले तरी तिला मारता येईनात.

माझा हात एकदाही वर गेला नाही.

मला घेतलं. 'सेटर डोक्याने शांत आहे' असा शेरा होता. परतीच्या एसटीत, संगमनेर आल्यावर, राखीने डबा उघडला, एक दशमी मोडून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "तू तर किती छान दिलेस गं. मीच माती केली." आणि मी ती दशमी खाल्ली. निर्लज्जासारखी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.

पुढे काय? मी खेळले आणि ती थांबली. सरांनी कितीदा बोलावलं, पुढच्या ट्रायलला चल म्हणाले, पण ती म्हणायची, मोठ्या जागी मला जमत नाही, बघितलं ना एकदा. मी मात्र देशभर एका गोष्टीसाठी नावाजले. माझा बॉल जरा इकडेतिकडे गेला की माझा हात पहिला वर. एका पेपरात छापून आलं होतं, 'कोर्टवरची सर्वात प्रामाणिक सेटर'. राखीने ते कात्रण मैदानावरच्या खोलीत चिकटवलं होतं.

सत्काराच्या दिवशी सकाळी मी मैदानावर गेले. घरी बसवेना. राखी एका शाळेत तात्पुरती खेळाची शिक्षिका आहे, पण सकाळी सहा ते आठ इथल्या पोरींना शिकवते. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गाठ मारून बांधलेली, गळ्यात शिट्टी. मला बघून ओरडली, "आल्या बघा सत्कारमूर्ती! पोरींनो, पाया पडा, फुकटात आशीर्वाद मिळतोय." पोरी खिदळल्या. मीही दात काढले.

वेदिका नावाची तेरा वर्षांची काटकुळी पोरगी मारत होती, स्नेहा म्हणून दुसरी उचलत होती. वेदिकाचा बॉल नेटमध्ये गेला. परत गेला. ती फणकारली, "मॅडम, हिचा बॉल आत येतोय!"

"बॉलला नावं ठेवायची नाहीत," राखी म्हणाली. "सगळ्या इकडे या. ही मनालीताई, देशातली एक नंबरची सेटर. माझ्या ट्रायलला हीच मला बॉल देत होती. तरी मला चार बॉल मारता आले नाहीत. मग चूक कुणाची?"

"मारणाऱ्याची!" सगळ्या एका सुरात. पाठच होतं त्यांना.

"मग?"

वेदिकाने मान खाली घातली, हात वर केला आणि बारीक आवाजात म्हणाली, "माझा."

अरे देवा! स्नेहाचा बॉल खरंच आत होता, मी डोळ्यांनी बघितला होता. आणि वर्षानुवर्षं इथे पोरी माझं पाप स्वतःच्या नावावर घेत होत्या.

"राखी, तो बॉल आत होता."

"जाऊ दे गं, लहान आहे स्नेहा."

"तुझेही आत होते. ट्रायलचे. चारही मी मुद्दाम आत दिले. एकीलाच घेणार होते, तुला घेणार होते, मी ऐकलं होतं."

ती माझ्याकडे बघून चक्क हसली. "वेडी आहेस का? इतक्या वर्षांनी माझी समजूत काढतेस होय? गप्प बस, संध्याकाळी भाषणात असलं काही बरळू नकोस."

तिचा विश्वासच बसेना! मी बॉल उचलला. "चल, मार."

"अगं, या चपलांवर?"

"काढ चपला. मार म्हणते ना!"

तिने चपला काढल्या. पोरी कडेला सरकल्या. मी बॉल दिला, वीतभर आत, तस्साच. राखी उडाली, अजूनही काय उडते बाई, पण हात अडकला आणि बॉल नेटमध्ये. सवयीने तिचा हात वर गेला, "माझा." मी दुसरा दिला, त्याच जागी. परत नेट, परत हात वर. तिसरा दिला, बोटभरही इकडेतिकडे नाही. नेट. या वेळी तिचा हात अर्ध्यातच थांबला. चुकून बॉल तीनदा एकाच जागी पडत नाही, हे तिच्याइतकं कुणाला कळणार होतं?

ती नेटच्या पट्टीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आता नीट दे."

मी दिला, हातभर लांब. तिने असा हाणला की बॉल पलीकडच्या भिंतीवर आपटून रस्त्यावर गेला. पोरींनी टाळ्या पिटल्या. राखी तिथेच मातीत बसली.

"म्हणजे मी चांगली होते," ती म्हणाली. मला नाही, स्वतःलाच म्हणाली. "मनाली, मी चांगली होते गं."

तिने थोबाडीत मारली असती तर मला सोपं गेलं असतं. मी माफ कर म्हणाले, दोनदा म्हणाले. तिने ऐकलं की नाही कोण जाणे. ओढणीच्या टोकाने डोळे पुसून ती उठली, वेदिकाकडे गेली आणि म्हणाली, "तुझी चूक नव्हती. बॉल आत होता. मी चुकीचं शिकवलं तुम्हाला." मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "आईला जाऊन सांग. ती अजून म्हणते, मनालीने एवढे चांगले दिले, तुलाच मारता आले नाहीत. माझ्या तोंडून नको. तू सांग."

भाजीबाजार पाच मिनिटांवर. मी चालत गेले. कुसामावशी मेथीवर पाणी मारत होत्या. मला बघून शेजारणीला म्हणाल्या, "हीच ती, फोटोवाली. माझ्या राखीची मैत्रीण." मग मला, "ये गं बाई, बस. संध्याकाळसाठी नवी साडी काढून ठेवलीय मी. लय आनंद झाला बघ."

त्यांनी गोणपाट झटकून जागा केली. मी बसले नाही.

"मावशी," मी म्हटलं, "एसटी स्टँडवर तुम्ही मला सांगितलं होतं, माझ्या पोरीला नीट बॉल दे. मी नाही दिले."